संगणकावरील ‘परवानगी नाकारली’ हा दोष : निदान व उपाय

गावोगावच्या सहकारी संस्था, शेतकरी उत्पादक कंपन्या व ग्रामपंचायती यांच्या कार्यालयांतून खताचा साठा, पर्जन्यमापकाच्या नोंदी, सभासदांच्या याद्या इत्यादी दप्तर आता कागदी नोंदवह्यांबरोबर संगणकावरही ठेवले जाते. कागदी वहीला कपाटाचे कुलूप असते. संगणकातील वहीला, म्हणजे फाइलीला, परवानगी असते. कुलूप अडकले तर ते डोळ्यांना दिसते. परवानगी अडकली म्हणजे मात्र पडद्यावर ‘परमिशन डिनाइड’ असे दोन शब्द उमटतात आणि काम जागीच थांबते. ऐन पेरणीच्या दिवसांत खतासाठी सभासद दारात उभे असता साठ्याची वही उघडते, परंतु तीत आकडा लिहिता येत नाही, ही अडचण लहान नव्हे. अशा वेळी कोणीतरी जाणता म्हणविणारा सर्व फाइली सर्वांना मोकळ्या करून देतो. काम चालू होते, परंतु त्याच दिवसापासून ते दप्तर निर्धास्त राहत नाही. पानावर डाग दिसताच कीड की बुरशी हे न पाहता हाती लागेल ते औषध फवारावे, तसाच हा प्रकार होय.

प्रस्तुत विवेचन मुख्यतः लिनक्स या संगणक-प्रणालीस अनुलक्षून आहे. लिनक्सचा प्रारंभ १९९१ साली झाला. भारतात सी-डॅक या सरकारी संस्थेने तयार केलेली ‘बॉस’ ही प्रणाली याच कुळातील असून तिची पहिली आवृत्ती २००७ साली निघाली. परवानगीचे नियम मात्र त्याहून जुने आहेत. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्स ही प्रणाली घडविली. एकाच यंत्रावर अनेक माणसे काम करीत असल्याने एकाने दुसऱ्याच्या कागदाला हात लावू नये, याची तजवीज त्यांना करावी लागली. गावच्या कार्यालयातही एक यंत्र आणि हात अनेक, अशीच स्थिती असते. पुढे दिलेल्या आज्ञा यंत्रावर लहान रोमन अक्षरांत टंकावयाच्या असतात. येथे त्या अक्षरांच्या उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत.

संदेश नीट वाचावा

निदानाची पहिली पायरी म्हणजे पडद्यावरील शब्द जसेच्या तसे उतरवून घेणे. ‘चालत नाही’ एवढेच सांगून दूरध्वनीवरून मदत मागितली जाते आणि निम्मा दिवस व्यर्थ जातो. वस्तुतः यंत्र वेगवेगळ्या अडचणींना वेगवेगळे शब्द वापरते. ‘परमिशन डिनाइड’ याचा अर्थ, फाइलीवरील किंवा तिच्या वाटेवरील परवानगीच्या खुणा आपल्याला अनुकूल नाहीत. ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ याचा अर्थ, हे कृत्य करण्याचा अधिकारच आपल्या खात्याला नाही. दुसऱ्याच्या फाइलीच्या खुणा बदलू पाहिल्यास हा संदेश येतो. ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टिम’ असे शब्द आल्यास दोष फाइलीचा नसून संपूर्ण चकती अथवा पेनड्राइव्ह केवळ वाचनासाठी जोडला गेला आहे असे समजावे. तेथे परवानगीच्या खुणा कितीही बदलल्या तरी उपयोग होत नाही. फाइल दुसऱ्या कोणी उघडून ठेवली असल्याची सूचना आली, तर तोही परवानगीचा दोष नव्हे. त्या व्यक्तीस फाइल बंद करण्यास सांगावे म्हणजे झाले.

मालक, गट व इतर

उदाहरणादाखल एका सहकारी संस्थेचे कार्यालय डोळ्यांपुढे आणावे. संगणकावर सचिव, लिपिक व गोदामपाल अशी तीन खाती आहेत. लिपिकाने ‘खरीप’ नावाची खतसाठ्याची फाइल तयार केली. गोदामपाल ती उघडू शकतो, पण पोती उतरल्याची नोंद करू गेल्यास यंत्र नकार देते.

अशा वेळी फाइल ज्या फोल्डरात आहे तेथे जाऊन ‘एलएस -एल’ ही आज्ञा द्यावी. प्रत्येक फाइलीसाठी एक ओळ उमटते. तिच्या आरंभी दहा खुणा असतात, पुढे मालकाचे नाव, नंतर गटाचे नाव, आणि अखेरीस फाइलीचे नाव असते. ही ओळ म्हणजे त्या फाइलीचा सातबाराच होय : मालक कोण आणि इतर हक्क कोणाचे, हे तीवरून कळते. दहांपैकी पहिली खूण आडवी रेघ असल्यास ती साधी फाइल. ‘डी’ असल्यास फोल्डर. उरलेल्या नऊ खुणा तीन-तीनांच्या तीन जुड्या आहेत. पहिली जुडी मालकाची, दुसरी गटाची, तिसरी इतर सर्वांची. प्रत्येक जुडीत ‘आर’ म्हणजे वाचण्याचा, ‘डब्ल्यू’ म्हणजे लिहिण्याचा व ‘एक्स’ म्हणजे चालविण्याचा हक्क. हक्क नसेल तेथे रेघ असते.

हेच हक्क आकड्यांतही सांगतात. वाचन ४, लेखन २, चालविणे १. वाचन व लेखन मिळून ६, तिन्ही मिळून ७. यास्तव ६४४ म्हणजे मालकास वाचन-लेखन, गटास केवळ वाचन व इतरांसही केवळ वाचन. बहुसंख्य यंत्रांवर नवी फाइल आपोआप ६४४ अशीच तयार होते. लिपिकाने ‘खरीप’ फाइल तयार केली तेव्हा हेच घडले. त्याने गोदामपालास अडविले नव्हते. यंत्राच्या नेहमीच्या प्रघाताने अडविले. कार्यालयातील कितीतरी रुसवेफुगवे या एका आकड्यापायी होतात, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

येथे एक बारकावा आहे. यंत्र तिन्ही जुड्यांची बेरीज करीत नाही. माणूस मालक असेल तर केवळ मालकाची जुडी पाहिली जाते. मालक नसून गटात असेल तर केवळ गटाची. दोन्ही नसेल तरच इतरांची. त्यामुळे मालकाच्या जुडीतील लेखनाचा हक्क चुकून काढला गेला आणि गटाला तो राहिला, तर गट लिहू शकतो आणि मालक लिहू शकत नाही, असा चमत्कारिक प्रसंग येतो. अर्थात मालकास स्वतःच्या फाइलीच्या खुणा बदलण्याचा अधिकार असल्याने त्याने त्या दुरुस्त कराव्यात.

आपण कोणत्या गटात आहोत हे ‘आयडी’ या आज्ञेने कळते. नवे नाव गटात घातल्यानंतरही चालू बैठकीत ते लागू होत नाही. खात्यातून बाहेर पडून पुन्हा प्रवेश करावा लागतो. ‘गटात नाव घातले, तरी होत नाही’ ही तक्रार बहुधा एवढ्याच कारणाने येते.

शेत आपले, पण वाट नाही

फाइलीच्या खुणा बिनचूक असूनही नकार मिळतो, तेव्हा नवखा माणूस गोंधळतो. येथे शेतकऱ्यास ठाऊक असलेली गोष्ट उपयोगी पडेल. शेत नावावर असले, तरी चहूबाजूंनी दुसऱ्यांची शेते असून जाण्यास वाट नसेल तर नांगर तेथे पोचत नाही. म्हणूनच १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत बांधावरून जाण्याच्या वाटेच्या हक्काची वेगळी तरतूद आहे. संगणकातही फाइल एखाद्या फोल्डरात, तो दुसऱ्या फोल्डरात, तो तिसऱ्यात अशी रचना असते आणि मुळापासून फाइलीपर्यंतच्या प्रत्येक फोल्डरावर ‘एक्स’ हा हक्क असावा लागतो. फोल्डरावरील ‘एक्स’ म्हणजे ओलांडून पुढे जाण्याची वाट. मधल्या एका फोल्डरावर तो नसेल, तर आतील फाइलीवर सर्व हक्क असूनही दार बंदच राहते.

फोल्डरावर ‘आर’ असून ‘एक्स’ नसेल तर आतील नावे दिसतात, पण एकही फाइल उघडत नाही. यादी मागितल्यास नावांपुढे तपशिलाच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात. याउलट ‘एक्स’ असून ‘आर’ नसेल तर यादी दिसत नाही, परंतु नाव ठाऊक असलेली फाइल उघडता येते.

वाट कोठे तुटली हे शोधण्यासाठी ‘नेमआय -एल’ (एन, ए, एम, ई, आय) ही आज्ञा उत्तम. तिच्यापुढे फाइलीचा संपूर्ण पत्ता दिला असता वाटेवरील प्रत्येक फोल्डर, त्याचा मालक, गट व खुणा एकाखाली एक मांडून मिळतात. ज्या ओळीत आपल्या जुडीला ‘एक्स’ नाही, तेथे वाट अडली. हा दोष विशेषेकरून संस्थेचे दप्तर एखाद्याच्या घरच्या फोल्डरात ठेवल्याने उद्भवतो. उबुंटू या प्रणालीत २०२१ साली निघालेल्या २१.०४ या आवृत्तीपासून नव्या खात्याचा घरचा फोल्डर इतरांना बंदच असतो. हे योग्यच आहे. संस्थेची वही कोणी आपल्या घरच्या पेटीत ठेवू नये.

फोल्डरासंबंधी आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. फाइल पुसून टाकण्याचा हक्क फाइलीवरील खुणांनी ठरत नाही. ती ज्या फोल्डरात आहे त्या फोल्डरावरील ‘डब्ल्यू’ व ‘एक्स’ या हक्कांनी ठरतो. म्हणून एखादी वही केवळ वाचनासाठी ठेवली म्हणजे ती सुरक्षित झाली, ही समजूत चुकीची आहे. फोल्डर सर्वांना लिहिण्यास मोकळा असेल, तर जो त्या वहीत एक अक्षर लिहू शकत नाही तो संपूर्ण वही नाहीशी करू शकतो.

७७७ हा उतारा नव्हे

नकार आला की ‘सीएचमॉड ७७७’ द्यावे, असा सल्ला सर्रास मिळतो. ‘सीएचमॉड’ (सी, एच, एम, ओ, डी) ही खुणा बदलण्याची आज्ञा, आणि ७७७ म्हणजे मालक, गट व इतर या सर्वांना सर्व हक्क. गोदामाची किल्ली सापडत नाही म्हणून दरवाजाच काढून ठेवण्यासारखे हे आहे. यानंतर त्या यंत्रावर खाते असलेला कोणीही साठ्याचा आकडा बदलू शकतो. शिल्लक पोत्यांचा मेळ बसला नाही तर बोट कोणाकडे दाखवावे, हे फाइलीवरून ठरत नाही, आणि संशय मात्र प्रामाणिक गोदामपालावर येतो.

सर्वाधिकाऱ्याच्या, म्हणजे ‘रूट’ या खात्याच्या अधिकाराने हीच आज्ञा आतील सर्व फोल्डरांसह प्रणालीच्या मूळ फोल्डरावर दिली, तर यंत्रच निकामी होते. ‘सुडो’ (एस, यू, डी, ओ) या सोयीला सर्वाधिकार उसना मिळण्यासाठी तिच्या फाइलीवर एक विशेष खूण असावी लागते. ७७७ दिल्याने ती पुसली जाते आणि ‘सुडो’ काम करण्यास नकार देते. दूरच्या यंत्राशी जोडणाऱ्या ‘एसएसएच’ची खासगी किल्ली इतरांना वाचता येते असे दिसल्यास ती किल्लीही स्वीकारली जात नाही. म्हणजे परवानगी वाढविल्याने परवानगी नाकारली जाते. उलट चूकही होते. सर्व काही ६४४ करावे म्हणून फोल्डरांनाही तोच आकडा दिला जातो. त्यांचा ‘एक्स’ जातो आणि सर्व वाटा एकदम बंद होतात. आतील सर्व फाइलींसह बदल करणे भागच असेल, तर अंकांऐवजी अक्षरांची पद्धत वापरून मोठ्या लिपीतील ‘एक्स’ द्यावा. तो फोल्डरांना आणि आधीपासून चालविण्याजोग्या असलेल्या फाइलींनाच लागू होतो, साध्या नोंदवह्यांना नाही.

हितावह मांडणी

वर घेतलेल्या कार्यालयापुरते पाहता, सचिव, लिपिक व गोदामपाल या तिघांचा ‘हिशेब’ नावाचा एक गट करावा. गटात नाव घालण्यासाठी ‘यूझरमॉड -एजी’ ही आज्ञा आहे. तीतील ‘ए’ लहान व ‘जी’ मोठे अक्षर असते. हा ‘ए’ विसरल्यास त्या माणसाचे नाव इतर सर्व जोडगटांतून निघते. सचिवाचे नाव याप्रमाणे सर्वाधिकार देणाऱ्या गटातून निघाले आणि यंत्रावर दुसरा अधिकारी नसेल, तर पुढील दुरुस्तीसाठी बाहेरचा माणूस बोलवावा लागेल. एवढ्या एका अक्षरासाठी ही आज्ञा टंकताना दोनदा पाहावे.

त्यानंतर दप्तराचा फोल्डर कोणाच्याही घरच्या फोल्डराबाहेर, उदाहरणार्थ मुळातील ‘एसआरव्ही’ या फोल्डरात करावा, त्याचा गट ‘हिशेब’ ठेवावा आणि त्यास २७७० हा आकडा द्यावा. यातील ७७० मुळे मालक व गट यांना पूर्ण हक्क मिळतात व इतरांना काहीच मिळत नाही. आरंभीच्या २ मुळे त्या फोल्डरात पुढे निर्माण होणारी प्रत्येक फाइल आपोआप ‘हिशेब’ गटाची होते. तो नसेल तर लिपिकाची फाइल लिपिकाच्या स्वतःच्या गटाची होते आणि जुने दुखणे पुन्हा उभे राहते. तथापि एवढ्याने भागत नाही. नव्या फाइलीतून कोणते हक्क वजा करावयाचे हे ‘यूमास्क’ या संख्येने ठरते. ती ०२२ असल्यास गटाचा लेखनाचा हक्क वजा होतो; ती ००२ करावी म्हणजे फाइल ६६४ अशी जन्मते. फोल्डर इतरांना बंदच असल्याने शेवटच्या ४ ची चिंता नको.

फाइल दुसरीकडून आणताना तिची नक्कल केली तर तिला नव्या फोल्डराचा गट मिळतो. पण त्याच चकतीवरून ती उचलून आणली, तर ती आपला जुना गट बरोबर आणते. अशा एखाद्या फाइलीमुळे तक्रार आल्यास संपूर्ण फोल्डराला हात न लावता तेवढ्या फाइलीचा गट ‘सीएचजीआरपी’ या आज्ञेने बदलावा.

‘सुडो’ लावून फाइल उघडणे व जतन करणे ही सवय टाकून द्यावी. सर्वाधिकाराने नवी फाइल निर्माण केली की तिचा मालक ‘रूट’ होतो आणि दुसऱ्या दिवशी निर्माण करणाऱ्याच माणसाला तीत लिहिता येत नाही. ‘काल चालत होते, आज नाही’ असे कोणी म्हटल्यास प्रथम मालकाच्या जागी ‘रूट’ हे नाव आहे काय, ते पाहावे. असल्यास ‘सीएचओन’ (सी, एच, ओ, डब्ल्यू, एन) या आज्ञेने मालकी पूर्ववत करावी. ही आज्ञा मात्र सर्वाधिकारानेच द्यावी लागते.

जुन्या संगणकाची चकती नव्यास जोडली असता मालकाच्या जागी नावाऐवजी १००१ सारखा आकडा दिसतो. चकतीवर मालकाचे नाव लिहिलेले नसते, त्याच्या खात्याचा क्रमांक असतो. नव्या यंत्रावर तो क्रमांक कोणाचाच नसेल तर नुसता आकडा दिसतो, आणि दुसऱ्या कोणाचा असेल तर वही परक्याच्या नावावर दिसते. दुसरा प्रकार अधिक फसवा. अशा वेळी नाव पाहून विश्वास ठेवू नये.

पेनड्राइव्हची गोष्ट वेगळी. बाजारातील पेनड्राइव्हवर सामान्यतः ‘फॅट’ अथवा ‘एक्सफॅट’ पद्धतीची मांडणी असते आणि तीत मालक व गट नोंदविण्याची सोयच नसते. त्यामुळे तेथे ‘सीएचमॉड’ देऊन गुण येत नाही. जोडणी ज्या खात्याने केली त्याच्या नावे सर्व फाइली दिसतात. विंडोजच्या यंत्रावर वापरलेली चकती नीट बंद न करता काढली असेल, तर लिनक्स ती केवळ वाचनासाठी जोडण्याचा संभव असतो. ती पुन्हा विंडोजच्या यंत्रावर लावून, तपासून व रीतसर बंद करून आणावी.

क्वचित सर्व खुणा बरोबर असूनही नकार येतो. दहा खुणांच्या शेवटी अधिकचे चिन्ह दिसल्यास व्यक्तीगणिक हक्कांची वेगळी यादी जोडलेली आहे असे समजावे; ती ‘गेटएफएसीएल’ने वाचता येते. सर्वाधिकाऱ्यासही ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ असे उत्तर मिळाल्यास ‘एलएसएटीटीआर’ या आज्ञेने पाहावे. तेथे ‘आय’ ही खूण असेल तर कोणीतरी ती फाइल बदलता येणार नाही अशी गोठवून ठेवली आहे. का गोठविली, हे विचारल्यावाचून ती खूण काढू नये.

विंडोजवर हेच हक्क फाइलीच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘सिक्युरिटी’ या पानावर असतात. तेथे वाटून दिलेल्या फोल्डरासाठी दोन ठिकाणचे हक्क लागू होतात, एक वाटपाचे व एक चकतीवरील, आणि दोहोंत जे अधिक कडक ते चालतात. एकीकडे मोकळीक देऊन दुसरीकडे पाहावयाचे राहिल्याने तेथील बऱ्याच तक्रारी उद्भवतात.

कोणताही बदल करण्यापूर्वी असलेल्या खुणांची नोंद घ्यावी. ‘गेटएफएसीएल -आर’ (येथे ‘आर’ मोठे अक्षर) या आज्ञेचे उत्तर एका फाइलीत साठविले असता संपूर्ण फोल्डराच्या मालकी-हक्कांची यादी तयार होते, आणि काही बिघडल्यास ‘सेटएफएसीएल’ला ‘रिस्टोअर’ असे सांगून तीच यादी परत लागू करता येते. दप्तराच्या फोल्डरापुरती चूक झाली असेल तर एवढ्याने निभावते. मूळ फोल्डरापासून सर्वत्र ७७७ दिले गेले असेल आणि आधीची यादी नसेल, तर एकेक फाइल दुरुस्त करीत बसू नये. नोंदवह्यांची प्रत प्रथम बाहेरच्या चकतीवर काढून घ्यावी, ती दुसऱ्या यंत्रावर उघडते की नाही हे पाहावे, आणि मगच प्रणाली नव्याने बसवावी.